देहातील औषधाची खतावणी

तापावर घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा अंमल चार-सहा तासांत उतरतो आणि ताप पुन्हा चढू लागला की दुसरी गोळी घेणे भाग पडते. त्याच घरातील वडीलधाऱ्या माणसांनी रक्तदाबासाठी सकाळी घेतलेली अ‍ॅम्लोडिपिनची गोळी मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत पुरते. वजनाने पाहू गेल्यास पहिल्या गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम औषध असते आणि दुसरीत अवघे ५ मिलिग्रॅम. म्हणजे शंभरपट मोठी मात्रा आधी संपते आणि तिच्या शतांश असलेली मात्रा अहोरात्र टिकते, हे कसे?

याचे उत्तर गोळीच्या वजनात नसून, ती पोटात गेल्यानंतर देह तिच्याशी जो व्यवहार करतो त्यात आहे, आणि त्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला औषधगतिकी असे म्हणतात. औषध कोणत्या इंद्रियात किती पोहोचले, कोठे किती काळ मुरले आणि कोणत्या वाटेने बाहेर पडले, हे पूर्वी केवळ माणसांना औषध देऊन व त्यांचे रक्त वारंवार तपासूनच कळत असे. अलीकडे मात्र औषध कोणालाही देण्यापूर्वीच संगणकावर एक कल्पित देह रचून, त्यात त्या औषधाचा प्रवास मिनिटामिनिटाला मांडून पाहण्याची पद्धती रूढ झाली आहे. या पद्धतीत गूढ असे काही नाही. चिकाटीने ठेवलेला तो एक प्रचंड हिशेब आहे, आणि त्याची सत्यता त्यातील नोंदींच्या सत्यतेवर अवलंबून आहे, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या नीट ध्यानात यावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

गोळी गिळल्यानंतर

जठरात गोळी फुटते व विरघळते, आणि पुढे लहान आतड्याच्या भित्तिकेतून औषधाचे रेणू रक्तात शिरतात. परंतु आतड्यातून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. एका मोठ्या शिरेवाटे ते प्रथम यकृतात नेले जाते, आणि परक्या रसायनांची मोडतोड करणारे प्रमुख इंद्रिय यकृत हेच असल्यामुळे कित्येक औषधांचा मोठा हिस्सा सर्वांगात पोहोचण्यापूर्वीच तेथे नष्ट होतो. छातीत कळ येताच हृदयरोग्याने जी गोळी गिळावयाची नसून जिभेखाली धरावयाची असते, तिच्यामागील कारण हेच आहे; तोंडाच्या अस्तरातून निघालेले रक्त यकृत टाळून हृदयाकडे जाते.

यकृतात ही मोडतोड करणाऱ्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, एक मोठे कुल आहे. १९६२ साली ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश विशिष्ट परिस्थितीत शोषते असे दाखवून त्याला ‘सायटोक्रोम पी-४५०’ हे नाव दिले. या कुलातील ‘सीवायपी ३ए४’ हा एकटा सभासद आज वापरात असलेल्या औषधांपैकी फार मोठ्या भागाची वासलात लावतो. पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे. मेदात सहज मिसळणाऱ्या औषधाचे पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करणे हे या विकरांचे काम, आणि तो पदार्थ मूत्रावाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडांचे.

तथापि रक्तात आलेले सर्वच औषध या दोन इंद्रियांच्या तडाख्यात सापडत नाही. काही रेणू रक्तातील अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून राहतात. वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा शेकडा ९९ हिस्सा असा बांधलेला असतो आणि उरलेला एक हिस्साच काय तो मोकळा असतो. काही औषधे स्नायूंत, मेदात, फुप्फुसांत जाऊन मुरतात. जे बांधलेले वा मुरलेले आहे ते त्या क्षणी गाळलेही जात नाही आणि मोडलेही जात नाही.

टिकाव कशावर ठरतो?

येथे थोडे गणित करून पाहू. ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ४२ लिटर पाणी असते, आणि त्याची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव गाळतात. एखादे औषध केवळ या ४२ लिटर पाण्यात सारखे पसरून राहते, यकृत त्याला स्पर्श करीत नाही, आणि जेवढे गाळले गेले तेवढे सर्व मूत्रात जाते, असे धरून चालू. मिनिटागणिक उरलेल्या औषधाचा सुमारे साडेतीनशेवा हिस्सा बाहेर पडेल, आणि या गतीने निम्मे औषध निघून जाण्यास चार तास लागतील. आता दुसरे असे औषध घ्या की जे ऊतकांत इतके मुरते, की रक्तातील त्याचे प्रमाण पाहिले असता ते ४२ नव्हे तर ४२० लिटरांत पसरले असावे असे वाटते. मूत्रपिंडे तीच, त्यांचा वेगही तोच. परंतु त्यांच्यापर्यंत येणाऱ्या रक्तातच औषध दशांश असल्यामुळे दर मिनिटाला बाहेर पडणारा हिस्साही दशांश होतो, आणि निम्मे औषध जाण्यास चाराऐवजी चाळीस तास लागतात.

देहातील औषध निम्मे होण्यास लागणाऱ्या या काळाला अर्धायुष्य म्हणतात, आणि औषध जेवढ्या लिटरांत पसरल्यासारखे भासते त्या कल्पित मापाला वितरण-आकारमान म्हणतात. हिवतापावरील क्लोरोक्विन ऊतकांत इतके दडून बसते की त्याचे वितरण-आकारमान हजारो लिटर निघते. एवढे लिटर पाणी कोणत्याही मनुष्यदेहात नसते हे उघड आहे, पण औषध रक्तात किती विरळ उरले याचे ते अचूक माप आहे. पॅरासिटामॉलचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचे. अ‍ॅम्लोडिपिन ऊतकांत पुष्कळ मुरते आणि यकृतही त्याला सावकाश मोडते, म्हणून त्याचे अर्धायुष्य तीस ते पन्नास तासांचे.

आवक, जावक आणि शिल्लक

संपूर्ण देह एकच पात्र आहे असे मानून केलेले हे गणित हातानेही करता येते, आणि पुष्कळ औषधांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरेही ठरते. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की देहाचे सर्व भाग रक्ताला सारखेच पारखे वा सारखेच जवळचे नाहीत. विश्रांतीत असताना हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते; त्यातील सुमारे दीड लिटर यकृताकडे जाते, एक लिटराहून थोडे अधिक मूत्रपिंडांकडे जाते, आणि देहाच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा भाग असलेल्या मेंदूला पाऊण लिटराच्या आसपास मिळते; मेदाच्या वाट्याला मात्र अगदी थोडे येते.

अशा वेळी उपयोगी पडते ती आपल्या जुन्या पेढ्यांची रीत. प्रत्येक इंद्रिय ही एक स्वतंत्र पेढी आहे आणि तिची स्वतःची रोजकीर्द आहे असे समजा. यकृताच्या रोजकीर्दीत एका मिनिटाची नोंद कशी पडेल? रक्तात दर लिटरला १ मिलिग्रॅम औषध आहे आणि मिनिटाला दीड लिटर रक्त येते, तेव्हा आवक दीड मिलिग्रॅम. त्यातील एक तृतीयांश विकरांनी मोडला असे धरले तर अर्धा मिलिग्रॅम खर्ची पडला, आणि बाकीचा एक मिलिग्रॅम बाहेर जाणाऱ्या रक्ताबरोबर जावक झाला. ही जावक नाहीशी होत नाही. ती हृदयाच्या व फुप्फुसांच्या वाटेने फिरून इतर पेढ्यांत आवक म्हणून जमा होते. शेवटी सर्व पेढ्यांची शिल्लक, मोडलेले औषध आणि मूत्रात गेलेले औषध यांची बेरीज मूळ मात्रेएवढी भरलीच पाहिजे. ताळा जमला नाही तर कोठेतरी नोंद चुकली असे निश्चित समजावे.

मात्र मिनिटाचा काळ या कामासाठी फार मोठा आहे, कारण तेवढ्या अवधीत देहातील जवळजवळ सर्व रक्त एकदा फिरून येते. नोंद सेकंदागणिक घ्यावयाची म्हटले, आणि पेढ्या पंधरा धरल्या, तर एका अहोरात्रीच्या खतावणीत १२ लाख ९६ हजार नोंदी होतात. हे काम माणसाच्या हातून होणे नाही. संगणक ते क्षणार्धात करतो, आणि त्याचे या शास्त्रातील कर्तृत्व मुख्यत्वे एवढेच आहे. विचार माणसाचा आहे आणि तो संगणकाहून जुना आहे. स्वीडनमधील उप्साला येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ साली दोन निबंधांत रक्त, ऊतके, औषध टोचल्याची जागा, मूत्रपिंडांचे उत्सर्जन आणि औषधाचे निष्क्रिय होणे या सर्वांना एकमेकांशी जोडणारी समीकरणे मांडली. ती मांडली गेली तेव्हा ती बिनचूक व वेगाने सोडविणारे यंत्र अस्तित्वात नव्हते, म्हणून त्या निबंधांचा उपयोग होण्यास जवळजवळ एका पिढीचा काळ जावा लागला.

भुलीचे कोडे

या हिशेबाची खरी ताकद प्रथम दिसून आली ती थायोपेंटोन या भुलीच्या औषधाच्या संदर्भात. १९३४ पासून शल्यक्रियेच्या आरंभी शिरेतून दिले जाणारे हे औषध (आता त्याची जागा बहुतांशी प्रोपोफॉलने घेतली आहे) अर्ध्या मिनिटाच्या आत रुग्णाला बेशुद्ध करी, आणि एका मात्रेवर रुग्ण पाच-दहा मिनिटांत जागाही होई. औषध मोडले गेल्यामुळे रुग्ण जागा होत असावा, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. पण रक्त तपासले असता आढळून आले की देहातील औषध निम्मे होण्यास कित्येक तास लागतात. औषध देहातच आहे आणि माणूस मात्र जागा झाला आहे, मग ते गेले कोठे?

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदाकडे बोट दाखविले. थायोपेंटोन मेदात उत्तम विरघळते आणि काही तासांनी तपासले असता मेदात त्याचा भरपूर साठाही सापडतो, तेव्हा मेंदूतील औषध मेदाने ओढून घेतले, हा निष्कर्ष अगदी स्वाभाविक होता, आणि तो सर्वमान्यही झाला. परंतु १९६० साली हेन्री प्राइस या भूलतज्ज्ञाने इंद्रियवार रक्तपुरवठ्याचे आकडे घेऊन हा व्यवहार मांडला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. पहिल्या दहा मिनिटांत मेदापर्यंत पोहोचणारे रक्तच इतके अल्प असते की त्याच्या पेढीत लक्षणीय रक्कम जमा होणे अशक्य आहे. मेंदूतून निघालेले औषध या काळात जाते ते मुख्यत्वे स्नायूंत. कारण स्नायूंचा पसारा देहाच्या वजनाच्या सुमारे दोन-पंचमांश आहे आणि त्यांना रक्तही मेदाहून पुष्कळ अधिक मिळते. मेदाचा साठा खरा, परंतु तो पुढील कित्येक तासांत सावकाश भरतो, आणि तेव्हा रुग्ण केव्हाच जागा झालेला असतो.

मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. मेदात औषध सापडते ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झालेली होती. तिच्यात खोट नव्हती. चूक होती ती काळाचा हिशेब न ठेवण्यात. शिवाय या खतावणीतून आणखी एक निष्कर्ष आपोआप बाहेर पडतो: स्नायूंची शिल्लक एकदा भरली की दुसऱ्या, तिसऱ्या मात्रेला जाण्यास जागा उरत नाही, आणि म्हणून त्या मात्रांची झोप पहिलीपेक्षा पुष्कळ लांबते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा अनुभव होताच. आता त्याची कारणमीमांसा हाती आली. पुढे १९६८ साली केनेथ बिशॉफ आणि रॉबर्ट डेड्रिक या दोघा रसायन-अभियंत्यांनी याच औषधाचे संगणकीय प्रतिरूप रचले, आणि १९७१ साली कर्करोगावरील मेथोट्रेक्सेटचे प्रतिरूप रचून उंदरापासून माणसापर्यंत एकाच समीकरणांनी हिशेब कसा करता येतो हे दाखविले. प्राणी बदलला की इंद्रियांची वजने आणि रक्तप्रवाह बदलावयाचे. हिशेबाची रीत तीच राहते.

चौकट : हिशेबाला लागणारे दप्तर

*देहाविषयी:* इंद्रियांची वजने, त्यांचा रक्तपुरवठा, त्यांतील पाणी, मेद व प्रथिने यांचे प्रमाण, विकरांचा साठा, मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग. ही माहिती औषधावर अवलंबून नसते. एकदा गोळा केली की प्रत्येक औषधासाठी वापरता येते.

*औषधाविषयी:* रेणूचा आकार, मेदात व पाण्यात विरघळण्याचे प्रमाण, आम्ल-अल्कता, प्रथिनांना चिकटण्याचे प्रमाण, आतड्याच्या पेशींच्या थरातून पार होण्याचा वेग आणि यकृताच्या पेशींकडून मोडले जाण्याचा वेग. ही सर्व मापे परीक्षानळीत काढता येतात.

*दोहोंचा सांधा:* दान केलेल्या मानवी यकृतातील पेशींवर औषध टाकून ते किती वेगाने मोडते हे पाहतात. एक ग्रॅम यकृतात सुमारे दहा-बारा कोटी पेशी आणि यकृताचे वजन सुमारे दीड किलो, या हिशेबाने तो वेग संपूर्ण यकृताला लावतात. औषध कोणत्या ऊतकात किती मुरेल याचा अंदाज त्या ऊतकातील मेद, पाणी व प्रथिने यांच्या प्रमाणावरून बांधतात. त्यासाठी ट्रूडी रॉजर्स आणि माल्कम रोलंड यांनी २००५-०६ मध्ये दिलेली समीकरणे आज सर्रास वापरली जातात.

एका औषधाचा दुसऱ्याच्या हिशेबात हस्तक्षेप

एखादे औषध एकटे असताना काय करील हे सांगणे तुलनेने सोपे आहे. रुग्ण मात्र पाच-सहा औषधे एकत्र घेत असतो, आणि त्यांतील एकाने दुसऱ्याला मोडणाऱ्या विकरालाच अडविले तर नेहमीची मात्रा विषासमान ठरू शकते. हे संकट औषधापुरतेच मर्यादित नाही. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा मद्यार्काशी संबंध तपासत असताना मद्यार्काची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा, म्हणजे आपल्या पपनसाच्या जवळच्या नात्यातील फळाचा, रस वापरला. आणि रक्तातील औषध अपेक्षेबाहेर वाढलेले पाहून खरा अपराधी तो रसच आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्या रसातील काही द्रव्ये आतड्याच्या भित्तिकेत असलेले ‘सीवायपी ३ए४’ हे विकर कायमचे निकामी करतात, आणि नवे विकर तयार होईपर्यंत एक-दोन दिवस जावे लागतात. म्हणून प्रतिरूपात औषधाच्या रोजकीर्दीबरोबर विकराचीही रोजकीर्द ठेवावी लागते: किती नवे घडले, किती जुने झिजले, किती निकामी झाले आणि शिल्लक किती राहिले.

याच्या उलट प्रकार रिफॅम्पिसिनचा. क्षयरोगावरील हे अत्यंत उपयुक्त औषध यकृताला हेच विकर अधिक प्रमाणात घडविण्यास भाग पाडते. साठा वाढण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि मग त्याच विकराने मोडली जाणारी इतर औषधे रक्तात टिकेनाशी होतात. संततिनियमनाच्या गोळ्या निष्फळ ठरण्याचे प्रकार त्यामुळेच घडले.

२०१३ साली अमेरिकेत लसीकाग्रंथींच्या एका कर्करोगावर इब्रुटिनिब हे औषध संमत झाले, तेव्हा या हिशेबाला सरकारी दप्तरात मानाचे स्थान मिळाले. इब्रुटिनिब मुख्यत्वे ‘सीवायपी ३ए४’ कडूनच मोडले जाते. निरोगी स्वयंसेवकांत केलेल्या प्रत्यक्ष चाचणीत, त्या विकराला जबर अडथळा करणाऱ्या केटोकोनाझोलबरोबर दिले असता इब्रुटिनिबशी देहाचा एकूण संपर्क २४ पटींनी वाढला; रिफॅम्पिसिनबरोबर दिले असता तो दहापटीहून अधिक घटला. प्रश्न उरला तो एरिथ्रोमायसिन किंवा डिल्टियाझेम यांसारख्या मध्यम अडथळा करणाऱ्या औषधांचा. प्रत्येकासाठी निराळी चाचणी घेण्याऐवजी प्रथम प्रतिरूपाला केटोकोनाझोल व रिफॅम्पिसिन यांचे प्रत्यक्ष निकाल सांगता येतात की नाही हे पाहण्यात आले. त्या परीक्षेत ते उतरल्यावर त्यालाच मध्यम औषधांविषयी विचारण्यात आले. उत्तर आले: संपर्क सहा ते नऊ पटींनी वाढेल. हे उत्तर अमेरिकन औषध प्रशासनाने औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात नमूद केले. शेफील्ड विद्यापीठातून उदयास आलेली ‘सिमसिप’, अमेरिकेतील ‘गॅस्ट्रोप्लस’ आणि आता कोणालाही विनामूल्य वापरता येणारी ‘पीके-सिम’ ही अशा कामांची प्रमुख संगणकीय साधने होत.

ज्यांच्यावर प्रयोग करू नयेत असे रुग्ण

नवजात बालके आणि गर्भवती स्त्रिया यांच्यावर नव्या औषधाची चाचणी घेण्यास कोणाचेही मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु आजारी तर तीही पडतात. मग मात्रा कशी ठरवावयाची? प्रौढाच्या मात्रेचा वजनाच्या प्रमाणात हिस्सा करण्याची सरधोपट रीत किती घातक ठरू शकते हे १९५९ साली अमेरिकेत स्पष्ट झाले. संसर्ग टळावा म्हणून अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना क्लोरॅम्फेनिकॉल दिले जात असे. ते मिळालेल्या अर्भकांपैकी अनेकांचे पोट फुगले, त्वचा राखाडी पडली आणि ती दगावली. कारण असे की या औषधाला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन निकामी करणारे विकर नवजात यकृतात अद्याप पुरेसे तयार झालेले नसते, आणि त्याची मूत्रपिंडेही फार सावकाश गाळतात: प्रौढाच्या १२० मिलिलिटरांच्या ठिकाणी पूर्ण दिवसांच्या अर्भकाची मिनिटाला अवघे दोन-चार मिलिलिटर. एकीकडून जमा चालू आणि खर्चाची दोन्ही दारे जवळजवळ बंद, अशी त्या कोवळ्या देहांची अवस्था झाली होती.

ज्या संगणकीय प्रतिरूपात वयानुसार बदलणाऱ्या नोंदी आहेत, त्यात ही आपत्ती आधीच दिसून आली असती. गर्भात ‘सीवायपी ३ए७’ हे विकर प्रमुख असते आणि जन्मानंतर हळूहळू ‘३ए४’ त्याची जागा घेते. नवजाताच्या देहात पाण्याचे प्रमाण शेकडा पाऊणशेच्या आसपास असते, प्रौढात ते साठवर येते. आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाचे यकृत देहाच्या मानाने मोठे असल्यामुळे ते काही औषधे दर किलोमागे प्रौढाहूनही जलद संपवते. म्हणजे मूल हे लहान आकाराचे प्रौढ माणूस नव्हे, इतकेच नव्हे तर एक महिन्याचे मूल आणि तीन वर्षांचे मूल यांचे हिशेबही परस्परविरुद्ध दिशांनी चुकतात. गर्भारपणीही असेच. रक्तद्रवाचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, मूत्रपिंडांचा वेग सुमारे दीडपट होतो, ‘३ए४’ चे कार्य वाढते आणि चहा-कॉफीतील कॅफीन मोडणाऱ्या विकराचे मात्र घटते. म्हणून शेवटच्या महिन्यांत तेच कॅफीन देहात दुपटीहून अधिक काळ रेंगाळते. या सर्व नोंदी एकाच वेळी ध्यानात ठेवून मात्रा काढणे मनाला झेपणारे नाही. खतावणीला ते झेपते. या पद्धतीचा सर्वांत श्रेष्ठ उपयोग मला येथे दिसतो.

हिशेब कोठे फसतो

पंधरा पेढ्या आणि शेकडो नोंदी असलेल्या प्रतिरूपात एखादा आकडा थोडा इकडे, एखादा थोडा तिकडे सरकवून कोणताही निकाल जुळवून दाखविता येतो, आणि हा या शास्त्रातील सर्वांत मोठा धोका आहे. ज्या चाचणीचे निकाल पाहून आकडे बसविले, त्याच चाचणीशी प्रतिरूप जुळते असे सांगण्यात काहीही सिद्ध होत नाही. जी चाचणी त्याने पाहिलेलीच नाही तिचा निकाल आधी सांगून दाखविणे हीच त्याची कसोटी. विकरांच्या अडथळ्याविषयीची भाकिते या कसोटीवर पुष्कळदा उतरतात. अन्नाबरोबर घेतलेली गोळी आतड्यात किती विरघळेल, पेशींच्या आवरणांतून औषधांची ने-आण करणारी वाहक प्रथिने किती काम करतील, तीव्र दाह असताना विकरांचा साठा किती खालावेल, या बाबतींत ती अद्याप डळमळीत आहेत. शिवाय मेंदूत औषध किती पोहोचले हे खतावणी सांगते. तेथे पोहोचून ते काय परिणाम करील याचा अभ्यास हे निराळे शास्त्र आहे आणि त्याची समीकरणे निराळी जोडावी लागतात.

कल्पित माणसांची वस्ती

एका सरासरी माणसाचा हिशेब पुरेसा नसतो, कारण सरासरी माणूस रुग्णालयात येत नाही. म्हणून संगणकावर शेकडो-हजारो कल्पित माणसांची वस्ती रचतात. कोणी उंच, कोणी कृश, कोणाच्या यकृतात विकरांचा साठा तिप्पट, कोणाच्या अत्यल्प. प्रत्येकाची खतावणी स्वतंत्र चालते, आणि उत्तर एका आकड्यात न येता एका पट्ट्यात येते: बहुसंख्यांत एवढे, पण शंभरांत पाच जणांत याहून इतके अधिक. डॉक्टरला काळजी असते ती त्या पाच जणांची.

या भेदाचा एक प्रसिद्ध दाखला आपल्याच देशातील आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरील औषध काहींच्या देहात तासाभरात निम्मे होते, तर काहींच्या देहात त्याला सुमारे तीन तास लागतात. हा फरक जन्मजात असतो. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्रात औषधे रोज न देता आठवड्यातून एकदा देऊन पाहण्यात आली, तेव्हा जे रुग्ण औषध जलद संपवितात त्यांच्यात ही पद्धत अपुरी ठरल्याचे दिसून आले. कल्पित वस्तीत अशा जलद व मंद माणसांचे प्रमाण ज्या समाजासाठी हिशेब करावयाचा त्या समाजाप्रमाणेच ठेवावे लागते; युरोपातील प्रमाण घेऊन केलेला हिशेब मद्रासला वा मराठवाड्याला लागू पडेल अशी खात्री देता येत नाही.

कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या रोझुव्हास्टॅटिनच्या बाबतीत हे अगदी उघड झाले. एकाच शहरात, सिंगापूर येथे, राहणाऱ्या युरोपीय, चिनी, मलय आणि भारतीय वंशांच्या लोकांना हे औषध देऊन पाहिले असता आशियाई गटांच्या रक्तात ते लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले. २००५ साली अमेरिकेतील माहितीपत्रकात आशियाई रुग्णांत हे प्रमाण सुमारे दुप्पट होते असे नमूद होऊन त्यांच्यासाठी आरंभीची मात्रा ५ मिलिग्रॅम सुचविण्यात आली. हे औषध यकृतात ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाची नोंद आपल्या लोकांच्या बाबतीत काय आहे, हा प्रश्न अशा वेळी कळीचा ठरतो.

२०२३ साली भारत सरकारने नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या यांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय म्हणून मानवी पेशींवरील पद्धतींबरोबर संगणकीय प्रतिरूपांनाही मान्यता दिली, तेव्हा आता कायद्याची अडचण राहिलेली नाही. रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड घेत असलेल्या, वजन पस्तीस-चाळीस किलोवर आलेल्या, रक्तातील अल्ब्युमिन खालावलेल्या क्षयरुग्णाला मधुमेहही असेल तर त्याची गोळी किती द्यावी, हा प्रश्न आपल्या जिल्हा रुग्णालयांत नित्याचा आहे. त्याचे उत्तर काढण्याची समीकरणे तयार आहेत आणि संगणकही हाताशी आहे. हवी आहेत ती अशा रुग्णाच्या यकृताचे व स्नायूंचे वजन, त्याच्या विकरांचा साठा आणि त्याच्या मूत्रपिंडांचा वेग यांची, येथल्याच माणसांवर काळजीपूर्वक घेतलेली मापे.